कठड्यापलीकडची जागा

प्रिय चिमे,

तू रागावली असशील, तरी हे फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच. प्रार्थनागृहातला तो लोखंडी कठडा मीच बनवला होता, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तुझ्या सासऱ्यांनी विश्वस्त म्हणून आमच्या वर्कशॉपला काम दिलं, तेव्हा मला वाटलं, जिन्यासाठी असेल. बसवायला गेलो तर त्यांनी सभागृहाच्या मधोमध जागा दाखवली. नवा गालिचा अंथरलाय, रंगकारखान्यातली माणसं कामाची पाळी संपवून तशीच येतात, डाग पडतात, तेव्हा त्यांनी जरा मागे बसावं, असं अगदी गोड आवाजात म्हणाले. तुझ्या सासरचा मामला, उगाच वाकड्यात कशाला शिरायचं, म्हणून मी मान डोलावली आणि फरशीला भोकं पाडली.

पहिल्याच दिवशी आई कठड्याशी अडली. तीस वर्षं ती पुढे बसत आली. तुला मांडीवर घेऊन तिथंच बसायची. कारखान्यातल्या रंगानं निळे पडलेले तिचे हात कितीही घासले तरी स्वच्छ निघत नाहीत, तुला ठाऊकच आहे. तिनं वेल्डिंगच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काम सफाईदार केलंयस रे." त्यानंतर महिनाभर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

म्हणून काल सगळे डोळे मिटून बसले असताना मी पाना काढला आणि बोल्ट सोडवले. शेवटचा बोल्ट निघाला आणि मधला भाग निसटून दाणकन पडला. तुझे सासरे माझ्यावर ओरडले, "आधी बाहेर हो!" वाट मोकळी झाली होती, तरी मागचं एकही माणूस हललं नाही. मी दाराशी जाऊन थांबलो. मग एकटी आई उठली आणि सरळ तुझ्या शेजारी येऊन टेकली.

चारचौघांत माफी माग, नाहीतर पोलिसांत तक्रार करतो, असा सासऱ्यांचा निरोप आलाय. करू देत. त्यात तू मध्ये पडू नकोस, मी त्यासाठी लिहीत नाहीये. आई टेकली तेव्हा तुझ्या सासूबाई सरकल्या, त्याचं मला काही वाटलं नाही. पण चिमे, तूही कपडे आवरून घेत सरकलीस. मी दारातून पाहिलं. आईनंही पाहिलं असणार. घरी आल्यापासून मात्र ती येईल त्याला हसून सांगतेय, लेकीनं मला जागा करून दिली. तिला खोटं पाडायचा धीर माझ्यात नाही. पुढच्या प्रार्थनेला तू ते खरं कर.

तुझाच,
दादा