पाचवी बॅटरी

वारजे, पुणे
दि. १४ सप्टेंबर

आदरणीय बाईस,
धाकट्या हिंमतचा सविनय जयभीम.

तुझी तब्येत बरी असेल, गुडघे सांगितलं ऐकत असतील आणि विहाराच्या छपराची गळती थांबली असेल असं धरून चालतो. नसेल थांबली तर सरपंचाला माझं नाव सांग. (काही उपयोग होणार नाही, पण त्याला निदान कळेल की तुझा भाऊ पुण्यात आहे.) इकडे आम्ही तिघंही ठीक. आयुष आणि सूनबाई पूर्वा दोघंही खराडीला नोकरीला जातात, म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, आणि संध्याकाळी घरी येतात तेव्हा तोंडातून शब्द फुटत नाही. मी रिटायर माणूस, दिवसभर बोलायचं साठवून बसलेला. त्यामुळे आमच्या घरी रोज एकाच बाजूने गप्पा होतात. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तू फोन कानाला उलटा लावतेस, आणि चुकून सुलटा लागलाच तर 'बिल चढतंय, ठेव' म्हणतेस. म्हणून पत्र.

आता मुद्द्यावर येतो. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, तेव्हा तू आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलंस. संध्याकाळी विहार उघडायला जाताना नेमकी लाइट गेलेली असते, नाल्यावरची फरशी दिसत नाही, तर हातात धरायची एखादी बॅटरी पाठव, ती नवीन पांढऱ्या उजेडाची एलईडीवाली, स्वस्तातली बघ, असं म्हणालीस. मी म्हणालो, आठ दिवसांत पाठवतो. आता विहारातलं ग्रंथवाचन अर्ध्याच्या पुढे गेलं, वर्षावासाच्या तीन महिन्यांतले दोन सरले, आणि तू अजून अंधारात फरशी पायाने चाचपडत जातेस. सत्तरीची बाई. परवा तुझ्या शेजारच्या दामूच्या सुनेने फोनवर सांगितलं की तू नाल्याजवळ एकदा बसलीस. 'पडल्या' म्हणाली नाही, 'बसल्या' म्हणाली. ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. तेव्हा उशीर का झाला त्याचा खुलासा करणं माझं कर्तव्य आहे.

बाई, तुला माहीतच आहे की मी पिंपरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात काढली. आमच्या खात्याचे दोन नियम होते. पहिला, पाच नमुने तपासल्याशिवाय कुठल्याही मालाचा कागद पुढे सरकवायचा नाही. दुसरा, पास म्हणून ज्याने सही केली त्याने माल पहिल्यांदा मशीनवर चढेल तेव्हा स्वतः शेजारी उभं राहायचं. बिघडला तर तोंड लपवायला जागा नको, म्हणून. आणि जो माल नापास, त्याच्यावर लाल रंगाचा टिपका. (ती रंगाची डबी मी रिटायर होताना मागून घेतली. लोक घड्याळ घेतात.) चंपा म्हणायची, तुम्ही मलासुद्धा टिपका लावूनच आणलंत. बरं, चंपाचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात लोडशेडिंगमध्ये लिफ्ट बंद, ती गिरणीतून दळण घेऊन जिना चढत होती, हातातली बॅटरी मधेच विझली, पायरी चुकली आणि खुबा मोडला. त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. ती बॅटरी मी फुटपाथवरून न तपासता आणलेली होती. एकतीस वर्षं लोकांचा माल तपासला आणि घरच्या बायकोच्या हातात बिनतपासणीची वस्तू दिली, हे मी दहाव्या दिवसापर्यंत भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. ती बॅटरी त्याच दिवशी फेकून दिली, हेही सांगितलं. तेव्हा तुझ्यासाठी न तपासता काही पाठवणं मला जमणार नव्हतं, हे तू समजून घे.

तर मी बुधवार पेठेत विजेच्या सामानाच्या गल्लीत गेलो. तिथल्या दुकानात पाटी होती की बॅटरी डोळ्यांवर मारून पाहू नये, डोळ्यांचा दवाखाना शेजारी आहे पण तोही आमच्याच चुलतभावाचा आहे. मालकांना मी म्हणालो, स्वस्तातल्या पाच वेगवेगळ्या एलईडी बॅटऱ्या द्या. ते म्हणाले, घरात किती माणसं आहेत? मी म्हणालो, तीन. ते म्हणाले, मग चार घ्या, एक पाहुण्यांना होईल. मी त्यांना नमुन्यांचा नियम समजावून सांगितला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, आजोबा, आम्ही बॅटरी विकतो, अंधार आपला आपण आणायचा. शेवटी चारच मिळाल्या. पाचवी मी नंतर दुसरीकडून पैदा केली.

पहिलीच्या खोक्यावर 'उजेड एक किलोमीटर' असं छापलेलं होतं. मी पूर्वाला वर्तमानपत्र देऊन सोसायटीच्या फाटकाशी उभं केलं आणि गच्चीवरून उजेड टाकला. मृत्युलेख वाचता यायला हवेत, ही माझी कसोटी. (त्यांचा टाइप सर्वांत बारीक.) पूर्वा बिचारी ऑफिसातून दमून आलेली, तरी उभी राहिली. तिला नावं दिसेनात, फोटोसुद्धा दिसेनात. उजेड मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या चेअरमनच्या खिडकीत व्यवस्थित पोचला, ते त्या वेळी बनियन बदलत होते. दुसऱ्या दिवशी बोर्डावर सूचना लागली की ज्येष्ठ सभासदांनी गच्चीवरून इतरांच्या खाजगी आयुष्यावर प्रकाश टाकू नये. लाल टिपका.

दुसरी मी छातीच्या उंचीवरून जिन्यात पाडली, कारण बॅटरी हातातून पडते ती तिथेच. मागचं झाकण उडालं आणि तिन्ही सेल पायरी पायरी करत खाली निघाले. त्यांतला एक चेअरमनच्या बुटात सापडला. त्यांनी तो मला परत केला, पण काही बोलले नाहीत, आणि पुण्यात माणूस काही बोलला नाही की समजावं, प्रकरण गंभीर आहे. तिसरी पाण्याच्या बादलीत टाकली, कारण तुझ्याकडे नाला आहे. ती पाण्यात मस्त पेटली, मला इतका आनंद झाला की मी आयुषला हाका मारल्या. मग बाहेर काढली तर बंदच होईना. बटण दाबा, आपटा, उलटी धरा, बाई हसतमुख. सेल काढावे तर झाकण घट्ट बसलेलं. आयुष म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट अ टॉर्च, पाठवून द्या ना." पूर्वाने ती गव्हाच्या कोठीत पुरली, तर दोन दिवस आमचे गहू आतून उजळलेले होते. चौथी आयुषच्या पसंतीची, चार्जिंगची. तिच्या पाठीतून पिना निघतात आणि त्या भिंतीच्या प्लगात खुपसायच्या. म्हणजे वीज नसताना वापरायची वस्तू विजेवर भरायची. तुझ्याकडे लाइट येते कधी आणि जाते कधी याचा पत्ता तुझ्या वायरमनलाही नसतो. खोक्यावर आठ तास लिहिलेले, मी घड्याळ लावून समोर बसलो, एक तास पन्नास मिनिटांत तिने मान टाकली. घड्याळ लावून एखाद्याच्या उशाशी बसण्याची मला आता सवय आहे, पण त्या दिवशी ती मिणमिणायला लागली तेव्हा मी उठून आत गेलो. शेवटची मिनिटं पूर्वाने मोजली.

आता पाचवी. ही पोपटी रंगाची, प्लॅस्टिकची, दोन साध्या सेलची, समोर एकच एलईडी. दिसायला अगदीच गबाळी. उजेड मोठा नाही, पण पायापुढच्या चार पावलांवर नीट पडतो, आणि तुला तेवढाच हवा. पाडली, पेटती राहिली. पाण्यात टाकली, पेटली आणि सांगितल्यावर विझलीही. सलग अकरा तास चालली, बटण मी पाचशे वेळा दाबलं. (माझा अंगठा अजून दुखतो.) बाई, या बॅटरीत काही दोष नाही. मी तो शोधायचा फार प्रयत्न केला. तीन आठवडे रोज केला. पूर्वाने दोनदा पार्सल बांधलं, मी दोनदा सोडलं. तिसऱ्यांदा दोरा तोडताना तिने माझा हात धरला आणि विचारलं, "बाबा, ही पास झालीये ना? मग?" मी टिपक्याची डबी शोधायचं नाटक करत बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

तर उशिराचं कारण हे असं आहे. बॅटरी पास आहे. पोरं तुला नमस्कार सांगतात. कल्याणीच्या बाळाला, म्हणजे तुझ्या पणतूला, माझ्याकडून एक पापा. दामूच्या सुनेला सांग की तू 'बसलीस' तर यापुढे मला त्याच दिवशी कळवायचं, आणि तू फरशीवरून जाताना घाई करू नकोस. भगवंतापुढची मेणबत्ती दोन मिनिटं उशिरा लागली तर चालतं.

तुझा,
हिंमत

ता. क. १. सेल सोबत ठेवणार आहे. तिकडच्या दुकानातले घेऊ नकोस, ते धूळ खात पडलेले असतात.

ता. क. २. वरचं पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. पाचवी बॅटरी मी विकत आणलेली नाही. ती चंपाची आहे. फेकली म्हणून सांगितलं ते खोटं, ती सव्वा वर्ष माझ्या कपाटात स्वेटरखाली होती. आणि ती विझलीही नव्हती, बाई. मी आवाज ऐकून धावलो तेव्हा ती दोन पायऱ्या खाली पेटलेली पडली होती, सांडलेल्या पिठावर तिचा उजेड पडला होता, म्हणून तर मला चंपा दिसली. झालं होतं असं, की चंपाने खालूनच मला हाक मारली होती, अहो, दोन्ही हातांत डबे आहेत, जरा खाली येऊन बॅटरी धरता का. मी बाल्कनीत खुर्चीवर होतो. लाइट गेलेली, वारा छान सुटला होता. मी वरून म्हणालो, नवी बॅटरी आहे, ये की. ती बॅटरी काखेत धरून चढली. मी उठलो नाही. एवढंच. चंपाने दवाखान्यात हे कुणाला सांगितलं नाही, आयुषलाही नाही. लोक विचारायचे तेव्हा ती माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, बॅटरीने दगा दिला. तिनेच पहिल्यांदा म्हटलं, मग मीही म्हणत राहिलो. एका चांगल्या मालाला मी सव्वा वर्ष चारचौघांत नापास म्हणत आलो. यंदा तपासून तरी काही दोष सापडेल अशी आशा होती. सापडला नाही. टिपका कुठे लावायचा ते मला कळलं, पण तिथपर्यंत ब्रश नेता येत नाही.

ता. क. ३. हे आयुषला मी अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगितलं. तू मला लहानपणी मारलं नाहीस, आता मारलंस तरी चालेल.

ता. क. ४. खात्याचा दुसरा नियम वर लिहिला आहे. पास केलेल्या मालाशेजारी सही करणाऱ्याने उभं राहायचं असतं. म्हणून बॅटरी पोस्टाने पाठवत नाही, घेऊन येतो. दोन दिवसांसाठी नाही, वर्षावास संपेपर्यंत तरी, आणि पुढे तू ठेवशील तितका. ओसरीवर पथारी टाकली तरी पुरे. तुला दोन्ही हातांत काही घ्यायचं असेल, चाव्या, मेणबत्त्या, फुलं, ते खुशाल घे, बॅटरी मी धरतो. येऊ का, ते दामूच्या सुनेकडून कळव. आणि संध्याकाळी विहाराकडे निघताना मी कुठेही बसलेला असलो, वारा कितीही छान सुटलेला असला, तरी तू फक्त एक हाक मार. मी उठेन.