बाबांचे बूट

दादा,

तुझं तोंड बघायची इच्छा नाही, म्हणून ड्यूटीवर जाताना लिहून ठेवतेय.

बाबांनी उभा जन्म घालवला त्या बंद कारखान्यातून मी त्यांचे बूट घेऊन आले. तू बॉयलरशेजारी मांडले होतेस, तिथेच पडले होते. एकात कबुतरांची घाण, दुसऱ्यात मेलेली पाल. शी! साबण झिजला तरी हाताचा वास जात नाही.

फोटोसाठी घरातले बूट न्यायचे आणि तिथेच विसरायचे? अक्कल गहाण टाकलीस का? बाबा कालपासून पलंगाखाली शोधतायत.

बूट मागच्या दारात आहेत. घासून तूच त्यांना दे.

फोटोखाली लिहिलंयस, ‘हा कामगार परत आलाच नाही.’ तो आत अनवाणी बसलाय. तुझ्यासाठी जेवायचा थांबलाय.