साचा तापेपर्यंत

मी, श्रीमती छाया भगवान गजभिये, राहणार एटोबिको, पूर्वी नागपुरात ओतकामाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला, आज सकाळी त्रिसरण म्हणून, चहा पिऊन, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहिते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणाऱ्याला मी खुर्ची देत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. सर्जन म्हणाला, रूटीन आहे. त्याचं असेल बाबा. माझी पहिलीच वेळ आहे.

मी गराजमध्ये बसून लिहिते आहे. शेजारी हॉटप्लेटवर गोळ्यांचा साचा तापत ठेवलाय, वर बिस्किटांचा जुना डबा पालथा घातलाय. मधूनमधून उठावं लागेल. अक्षर वेडंवाकडं दिसलं तर कोणी शंका काढू नये.

कलम १. राहतं घर माझ्या पश्चात माझा एकुलता एक मुलगा शुभंकर याचं. पश्चात. दोनदा लिहिलं, मुद्दाम. कारण त्याचं पालुपद चालूच असतं, "आई, सेल इट. कॉन्डो घे. यू आर नॉट सेफ अलोन." मी सेफ का नाही, ते कलम ५ मध्ये.

कलम २. गाडीही त्याचीच. विंटर टायर्स बेसमेंटमध्ये वॉटर हीटरच्या मागे आहेत. दरवर्षी शोधतो आणि दरवर्षी मलाच फोन करतो.

(उठून पाहिलं. अजून नाही.)

कलम ३. माझे यजमान कै. भगवान यांची तोंडाकडून दारू ठासायची जुनी रायफल नेमबाजीच्या क्लबातल्या डग मॅकरे यांना द्यावी. त्यांच्याकडे लायसन्स आहे आणि ते ती पुसून ठेवतील. आम्ही दोघांनी उभ्या जन्मात कागदाशिवाय कशावरही गोळी झाडली नाही. बौद्धाच्या हाती बंदूक कशाला, असं विहारात विचारणाऱ्यांना तेव्हाही हेच सांगितलं होतं. त्या रायफलीच्या शिशाच्या गोळ्या मी घरी ओतत असे. मराठी मंडळात एकदा म्हणून गेले, "मी घरीच गोळ्या बनवते," तर दोन बायका गुडघेदुखीवर काही आहे का म्हणून मागे लागल्या. असो.

कलम ४. माझ्या मागे विहारात वंदना व्हावी, जेवण साधं असावं. भाषणं नकोत. फोटोला हार घालायचाच असेल तर फोटो उजव्या बाजूने काढलेला घ्यावा. डाव्या गालावर डाग आहे.

(पुन्हा उठले. नाही तापला. आज बर्फामुळे गराज जास्तच गार आहे, दारही धुरासाठी अर्धं उघडं ठेवावं लागतं. बसवत नाही मला.)

कलम ५. हा डाग.

शुभंकरचं लग्न झाल्यावरचा पहिला विंटर. नवी सून कोमल माझ्यामागे गराजमध्ये आली. मला बरं वाटलं. भगवान गेल्यापासून तिथे कोणी येतच नव्हतं. शिसं वितळलं होतं, साचा प्लेटवर होता. साचा गार असला तर गोळीला सुरकुत्या पडतात, म्हणून आधी तापवायचा. मी पळी शोधत होते. म्हटलं, "कोमल, साचा तापला का बघ गं."

तिने बघितलं. थालीपीठ लावायच्या आधी तवा बघतात तसं! हातातल्या पाण्याच्या ग्लासात बोटं बुडवली आणि साच्यावर पाणी शिंपडलं. अगं, शिशाजवळ पाण्याचा थेंबसुद्धा आणत नाहीत! साचा अर्धवटच तापलेला, थेंब आत खोबणीत बसून राहिले. माझी पाठ होती. वळले आणि पळी ओतली. थेंबांची वाफ झाली आणि शिसं उसळून गालावर आलं. चष्म्यामुळे डोळा वाचला.

कोमलने काय केलं होतं, ते तिने ॲम्ब्युलन्सला फोन करताना स्वतःच रडत रडत ओरडून सांगितलं. मी ऐकलं. मग शुभंकर आला. "व्हॉट हॅपन्ड?" त्याने विचारलं आणि कोमल म्हणाली, "इट जस्ट ब्लू अप." त्या दिवसाची साक्षीदार एकटी तीच. मी गालावर ओला टॉवेल धरून दोघांकडे बघत होते आणि गप्प राहिले. लग्न कोवळं होतं.

तेव्हापासून मी निष्काळजी म्हातारी. कारखान्यात जन्म घालवला, कधी बोट भाजलं नाही, आणि मंडळात माझा मुलगा हसत सांगतो, "मॉम्स एक्स्पेरिमेंट." साचा-पळीच्या कपाटाला कुलूपसुद्धा लावलं त्याने. किल्ली बेसनाच्या डब्यात लपवली. माझ्याच किचनमध्ये, माझ्यापासून! मला याचा राग येतो. आजही येतो. कोमल दर शनिवारी ग्रोसरी आणते, ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करते, "आई, औषध घेतलं का" विचारते, पण गराजकडे मान वळवत नाही.

हे कलम ठेवावं की खोडावं, ते ठरत नाही. ठेवलं तर मी गेल्यावर शुभंकर वाचेल, त्यांच्या घरात आग लागेल आणि विझवायला मी नसेन. खोडलं तर तीच निष्काळजी म्हातारी, कायमची. दोनदा पेन टेकवलं, दोनदा उचललं. साचाही तापत नाही मेला.

(यानंतरचं तासाभराने लिहिते आहे.)

कोमल आली. साक्षीदार म्हणून सही करते असं तिनेच परवा म्हटलं होतं. गराजच्या दारात उभी राहिली, मिटन्समधून पाणी ठिबकत होतं. हॉटप्लेट पाहून पांढरी पडली. मी कागद पुढे सरकवला.

"सही करायची ना? आधी वाच."

उभ्याउभ्या वाचलं तिने. कलम ५ दोनदा वाचलं असावं. मग कागद ठेवला आणि घरात निघून गेली. मला वाटलं, संपलं सगळं. पण ती परत आली. जॅकेट, मिटन्स, बूट सगळं आत ठेवून. हात स्वेटरला पुसत होती, पुसतच होती, लाल होईपर्यंत. कोरडे हात मला दाखवले आणि मग उंबरठा ओलांडला.

"आई, हे खोडू नका."

"शुभंकर वाचेल ना."

"त्याच्या आधी मी सांगते. आज घरी गेल्यावर."

"काहून? इतकी वर्षं तोंड उघडलं नाहीस ते?"

"तुम्ही कधी बोललाच नाहीत ना! दर शनिवारी वाटायचं, आज बोलतील. यू नेव्हर डिड. एकदा ओरडला असतात तरी चाललं असतं."

मग मी ओरडले. "शिशाच्या साच्यावर पाणी मारतात का गं, शहाणे? थालीपीठ लावायचं होतं का तुला त्याच्यावर?" शेजारी ऐकू गेलं असेल. ती रडता रडता हसायला लागली. मलाही रडू आलं. मृत्युपत्रात खोटं कशाला लिहू.

नाक पुसून तिने विचारलं, "मग बघायचं कसं असतं?"

तिला गॉगल दिला आणि दाखवलं. साच्याचा कोपरा भांड्यातल्या वितळलेल्या शिशात बुडवून धरायचा. शिसं चिकटून आलं तर साचा गार. चिकटलं. थांबलो. पुन्हा बुडवला, चिकटलं. तिसऱ्यांदा शिसं निथळून गेलं, कोपरा स्वच्छ बाहेर आला. "तापला!" कोमल किंचाळली. तरी पहिल्या दोन गोळ्या सुरकुतलेल्याच निघाल्या. तशाच निघतात. परत भांड्यात टाकल्या.

कलम ६. सबब कलम ५ कायम. साचा, पळी, हॉटप्लेट, बिस्किटांचा डबा आणि बेसनाच्या डब्यातली किल्ली कोमल हिला. इथल्या कायद्याने ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते, म्हणून विहारातल्या दोघा वासनिकांना फोन करून बोलावलं आहे. कोमल म्हणाली, तिला तरीही खाली काहीतरी लिहायचं आहे. मी म्हटलं, लिही.

यापूर्वी काही लिहून ठेवलेलं सापडलं तर ते रद्द समजावं. गुरुवारनंतर मी परत आले तर हे फाडणार नाही, नुसतं ड्रॉवरमध्ये टाकेन.

एटोबिको, शनिवार, १८ जानेवारी २०२५

(सही) छाया भगवान गजभिये

साक्षीदार, दोघांनी एकत्र, माझ्यासमोर:
(सही) योगेश वासनिक
(सही) कल्याणी वासनिक

साक्षीदार नाही, पण तिथे होते. पाणी मीच शिंपडलं होतं.
कोमल शुभंकर गजभिये