बॅग टिकली, जावईही टिकला

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या साष्टांग फक्त कागदावरच जमतो, तेवढा गोड मानून घ्यावा.) आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? आई सांगत होत्या की हल्ली तुम्ही जिना उतरताना मध्येच थांबता, आणि कुणी विचारलं की ‘कठडा हलतोय का बघतोय’ असं सांगता. बाबा, गुडघा दुखत असेल तर दुखतो म्हणावं, त्यात कमीपणा नाही. आईंचं रक्तदाब मोजायचं यंत्र बरोबर चालतं ना? की तुम्ही ते पुन्हा उघडून ठेवलंय?

पत्रास कारण की माझी जुनी बॅग गेली. मी इमारतींचे, दवाखान्यांचे, कारखान्यांचे फोटो काढून पोट भरतो हे तुम्हाला ठाऊक आहेच (लग्नात तुम्ही पाहुण्यांना ‘जावई बांधकामात आहेत’ असं सांगत होतात, तेही एका अर्थी खरंच). एका दंतवैद्याच्या नव्या दवाखान्याचे फोटो काढून मी जिन्यावरून उतरत होतो. तेवढ्यात खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा मुळापासून सुटला. बॅग सावकाश, एखाद्या जाड पाहुण्यासारखी पायरी पायरीने खाली गेली आणि थेट रुग्णांच्या बाकासमोर जाऊन उघडली. आतला फ्लॅश धक्क्याने आपोआप उडाला. गालाला हात लावून बसलेले एक आजोबा लगेच उठले, ‘झाला ना एक्सरे?’ म्हणाले आणि चपला घालून चालू लागले. त्यांना परत आणायला दंतवैद्य स्वतः रस्त्यापर्यंत धावले. सुदैवाने कॅमेरा वाचला, एक लेन्स मात्र तेव्हापासून आत वाळूचे खडे असल्यासारखी वाजते.

एरवी मी त्या पट्ट्याला दोरा घालून वेळ मारून नेली असती. पण त्याच आठवड्यात मला घड्याळाच्या मनोऱ्याचं काम मिळालं. आमच्या चौकातलं ते मोठं घड्याळ दुरुस्तीसाठी पूर्ण उतरवणार होते, आणि चाकं जागेवर असतानाचे फोटो मी काढायचे होते. ती एकदा खाली आली की विषय संपला. वर जायला सरळसोट लोखंडी शिडी, म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणजे बॅग पाठीवर हवी. हे मी जेवताना सहज बोलून गेलो. तुमच्या लेकीने घास तसाच ठेवला आणि म्हणाली, ‘बॅग घ्यायला मी येणार.’

आता तुम्ही आयुष्यभर नळखात्यात गळती शोधलीत, तुमची लेक दिवसभर लोकांच्या लिफ्ट तपासते. तुमच्या घराण्यात कशावर नुसता विश्वास ठेवायची पद्धतच नाही (माझं स्थळ आलं तेव्हा तुम्ही माझ्या शेजाऱ्यांकडे चौकशी केली होतीत, हे मला नंतर कळलं). त्यामुळे दुकानात काय होणार याची मला कल्पना होती, त्या बिचाऱ्या विक्रेत्याला नव्हती. तो गळ्यात टाय बांधून हसत पुढे आला. ‘मॅडम, ही बॅग आयुष्यभर जाते.’

‘कुणाच्या?’ तुमच्या लेकीने विचारलं.

तिथून पुढे त्याचं हसू उतरत गेलं. तिने बॅग उलटी केली, आतलं अस्तर बाहेर काढलं, चेन इकडून तिकडे इतक्या वेळा ओढली की शेजारच्या गिऱ्हाइकाने कानात बोटं घातली. मग पट्टा जिथे बॅगेला शिवलेला असतो तिथे अंगठा फिरवत ती शांतपणे उभी राहिली, डॉक्टर नाडी बघतात तशी. ‘इथे एकच शिवण आहे. पट्टा तुटत नाही कधी, तो इथून उपटतो.’ असं म्हणून तिने ती बॅग दाराच्या कडीला अडकवली आणि मला म्हणाली, ‘लोंबकळ.’ बाबा, भर दुकानात, चार लोकांदेखत मी लोंबकळलो. शिवण फाटली, मी पायपुसण्यावर बसलो (कंबर तेव्हाची) आणि मॅनेजर बाहेर आले. ते ओरडणार असं वाटलं होतं, पण ती तपासनीस आहे हे कळल्यावर त्यांनी खुर्ची मागवली. कुणासाठी, तर तिच्यासाठी. मी पायपुसण्यावरच होतो.

दुसरी बॅग विक्रेत्याने स्वतःच्या भरवशावर काढली. तिला इतके कप्पे होते की कप्प्याच्या पोटात कप्पा, त्याच्या पाठीमागे चोरकप्पा. तो दाखवायला त्याने स्वतःचा मोबाइल आत सरकवला आणि ‘बघा, चोराला सापडणारच नाही’ म्हणाला. चोराचं जाऊ द्या, त्यालाच सापडेना. शेवटी मॅनेजरनी त्या नंबरवर फोन लावला. बॅग वाजू लागली, आम्ही चौघं तिला कान लावून बसलो, आणि फोन निघेपर्यंत त्याच्या आईचाही फोन येऊन गेला. तुमची लेक म्हणाली, ‘जी वस्तू हाताला लागत नाही ती असून काय उपयोग?’ आणि तीही बॅग बाद झाली.

शेवटी कोपऱ्यातली एक राखाडी, जाड कापडाची, दिसायला अगदीच अळणी बॅग तिने उचलली. पट्ट्याच्या मुळाशी दुहेरी शिवण, वर आडवे-तिडवे टाके, उचलायला पाठीमागे एक रुंद फास, आत लेन्ससाठी स्पंजचे कप्पे. त्या फासात हात घालून तिने मला पुन्हा लोंबकळवलं. टिकली. विक्रेत्याने टाळ्या वाजवल्या, माझ्यासाठी की बॅगेसाठी ते कळलं नाही.

मला वाटलं झालं. पण घरी आल्यावर तिने त्यात शब्दकोश, इस्त्री आणि दोन कुंड्या मातीसकट भरल्या आणि बॅग गॅलरीच्या कठड्याला बाहेरून टांगून ती कामावर निघून गेली. खालच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात. वरचा सूर लावताना त्या मान वर करतात, त्या दिवशी मान वर केली आणि सूर तिथेच राहिला. त्यांची समजूत काढून मी वर आलो, तर संध्याकाळी पाण्याची परीक्षा. बॅगेत कोरडं वर्तमानपत्र कोंबून ती न्हाणीघरात शॉवरखाली ठेवली. बाहेर काढल्यावर तुमच्या लेकीने ते वर्तमानपत्र उलगडून त्यातलं शब्दकोडं पेनाने सोडवलं. शाई फुटली नाही, तेव्हा कुठे बॅग घरात घेतली गेली.

आता मुख्य गोष्ट. मनोऱ्यावर गेलो तो दिवस स्वच्छ होता. वर घड्याळ दुरुस्त करणाऱ्या बाई आधीच पोचल्या होत्या. साठीच्या, डोक्याला रुमाल, हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी वरून हाक मारली, ‘खाली बघू नका, वर बघा, मी काही वाईट दिसत नाही!’ मी हसत हसत चढलो आणि शिडीच्या टोकाला, वरच्या खोलीत शिरायच्या चौकोनी झडपेत अडकलो. मी बारीक, झडप बऱ्यापैकी रुंद, पण पाठीवरची बॅग खच्चून भरलेली. ती काठाला अडली. सोडवायला मी एक पाय खाली घेतला, आणि पायरी पायाखाली आलीच नाही.

बाबा, इथे विनोद करवत नाही. दुसरा पाय घसरला, हातांना घाम, पाठीवरचं ओझं मागे ओढतंय. तेवढ्यात त्या बाई झडपेतून कमरेपर्यंत खाली वाकल्या आणि चाकं उतरवायच्या साखळीचा आकडा त्यांनी बॅगेच्या फासात अडकवला. क्षणभर मी सगळा त्या फासावर होतो. मला काय दिसलं सांगू? दुकानात शिवणीवरून फिरणारा तुमच्या लेकीचा अंगठा. मी तेव्हा मनात म्हणत होतो, काय हा हट्ट, चार लोकांत लाज आणली.

मग पायरी सापडली. वर गेल्यावर बाईंनी मला पाणी दिलं आणि मी ते संपवेपर्यंत त्या स्वतःच्या नातवाबद्दल बोलत राहिल्या. घड्याळाच्या पांढऱ्या काचेतून पाठीमागून ऊन येत होतं, काटे उलटे फिरताना दिसत होते, आणि माणसाच्या उंचीची पितळी चाकं हळूहळू दात मिळवत होती. असे फोटो मला आजवर मिळाले नव्हते. घरी आलो तेव्हा तुमच्या लेकीने एवढंच विचारलं, ‘पट्टा कसा आहे?’ मी म्हटलं, ‘चांगला आहे.’ त्यापलीकडे काही सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नये. सांगितलंत तर ती आता ती शिडी तपासायला जाईल, आणि घड्याळ पुढच्या वर्षीसुद्धा बसणार नाही.

आईंना नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा.

आपला,
बांधकामातला जावई

ता. क. : खरं कारण आता लिहितो, वर धीर होत नव्हता. आई परवा फोनवर कुजबुजत म्हणाल्या की तुम्ही माझ्या वाढदिवसासाठी चामड्याची कॅमेरा बॅग घेऊन ठेवली आहे, एका खांद्यावर टाकायची, एकाच पट्ट्याची. बाबा, तुमचं प्रेम शिरसावंद्य. पण ती बॅग तुमच्या लेकीसमोर आली तर गॅलरीबाहेर टांगली जाणार, आणि पट्टा सुटला तर तुम्हा दोघांच्यामध्ये मला उभं राहावं लागेल. कृपा करून ती गुपचूप परत करा. दुकानदार घेत नसेल तर तुम्हीच वापरा, यंत्राचे सुटे भाग ठेवायला होईल.

ता. क. २ : बाबा, मी लिहितेय. पत्र टपालात टाकायला याने माझ्याकडे दिलं आणि पाकीट उघडं ठेवलं, यात माझी चूक नाही. बॅगेवर मी माझा नंबर लिहून ठेवलाय, त्यावर घड्याळवाल्या बाईंचा मला त्याच दुपारी फोन आला होता. हा जिथे ‘लोंबकळत’ होता तिथून वीतभर खाली त्यांची लाकडी फळी होती, पाय सोडला असता तर उभा राहिला असता. पण याने डोळे गच्च मिटले होते. हा हल्ली माझ्या पाठीमागे येईल त्याला ही गोष्ट सांगतो आणि दर वेळी त्या शिवणीचं नाव घेतो, म्हणून फळीचं मी त्याला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. आणि चामड्याची बॅग परत करू नका. घेऊन या. कुंड्या भरून ठेवते.