स्ट्रेस म्हणजे टेन्शन

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज वीस शब्द. क्रीडाविज्ञानाची पुस्तकं सगळी इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी यथातथाच! इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, "नुसती घोकंपट्टी नको." पहिल्याच दिवशी स्प्रेन आणि स्ट्रेनची गल्लत. मुरगळतो तो सांधा, ताणला जातो तो स्नायू. दहादा लिहिलं.

४ फेब्रुवारी
ताईची नडगी महिनाभर दुखतेय. शनिवारी आठशे मीटरची निवड चाचणी — वयाच्या अटीमुळे तिची शेवटची संधी. आज ती एकटीच जाऊन रिपोर्ट घेऊन आली. आईचं फर्मान — "आधी रिपोर्टात काय आहे ते कळू दे, मग पळायचं बघू."

ताईने कागद थेट माझ्या हातात दिला — घरात इंग्रजी शिकणारी मी एकटीच. बाबांनीही टीव्ही बंद केला. अर्धं डोक्यावरून गेलं, पण शेवटी होतं 'स्ट्रेस रिॲक्शन'. हात्तिच्या! स्ट्रेस म्हणजे टेन्शन. मी ऐटीत सांगितलं, "हाड मोडलेलं नाही. स्पर्धेचं टेन्शन पायात उतरलंय." आई केवढी खूश! "बघा, शिकतेय ते कामाला आलं." ताईने कागद परत घेतला आणि घडी घालून ठेवला.

६ फेब्रुवारी
बाईंनी आज फळ्यावर नेमका तोच शब्द लिहिला. स्ट्रेस — हाडावर पडणारा भार. हाड सोसून सोसून थकलेलं असतं, अजून मोडलेलं नसतं. पळत राहिलं तर मोडतं.

घरी आले तर ताई बुटांच्या नाड्या ओवत होती, गुणगुणत. आई फोनवर मावशीला — "धाकटीने घडाघडा वाचला रिपोर्ट!" तोंडापर्यंत आलेलं गिळलं. आत्ता सांगितलं तर माझी काय शोभा राहील? उद्या सांगते. नक्की.

७ फेब्रुवारी
नाही सांगितलं.

८ फेब्रुवारी
दुसऱ्या फेरीत, शेवटच्या वळणावर. ताई तिसरी होती. एकदम तिचा पाय टेकेनाच. ती ओरडली नाही, मी ओरडले.

नडगी मोडली. दवाखान्यातले डॉक्टर वैतागले — "असा पाय घेऊन पळायला कोणी सांगितलं हिला?" आई म्हणाली, "अहो, रिपोर्टमध्ये तर काहीच नव्हतं." मी शेजारीच उभी.

शोभा राहिली माझी. छान राहिली.

१० फेब्रुवारी
एकही शब्द नाही. वही उघडवत नाही. आई ताईला उशी लावून देते आणि वर मलाच विचारते, "तुझं तोंड का उतरलंय गं? नीट जेवत जा." दोन दिवस हातात होते. पुरे दोन दिवस!

१२ फेब्रुवारी
ताईला सगळं सांगून टाकलं. गुरुवारचंसुद्धा. रडून रडून हुंदके आवरेनात. ती प्लास्टरकडे बघत हळूच म्हणाली, "रिपोर्ट देतानाच तिथल्या डॉक्टरांनी मला सगळं समजावलं होतं. सहा आठवडे पळायचं नाही म्हणून. तुला तो शब्द येत नसणार हे माहीत होतं गं — म्हणून तर तुला वाचायला दिला."