पहलगामला कुणी कळवलंच नाही

रैनावारी, श्रीनगर
३ मे १९७८

प्रिय मेहमूदाबाजीस,
मुझफ्फरचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अम्मीची इद्दत, शोकात घरी बसायची मुदत, पंधरा दिवसांत संपेल. अब्बा गेल्यापासूनचे चार महिने ती खिडकीशी बसून आहे. घराबाहेर पडायची मोकळीक झाली की तिला दोन दिवस पहलगामला न्यावं असं माझ्या मनात आहे. अब्बांनी बावीस उन्हाळे तिथे अक्रोडाच्या कोरीव कामाचं दुकान चालवलं, पण आपल्याला एकदाही नेलं नाही. विचारलं की म्हणायचे, काय आहे तिथे, दगड आणि पाणी! काश्मीरचे असून आपण लिद्दर नदी पाहिली नाही, हे चारचौघांत सांगायची लाज वाटते.

वीस तारखेला, शनिवारी सकाळच्या बसने निघू, रविवारी परत. चहाचा समोवार मी घेतो, रोट्या तुझ्याकडे. मेहुण्यांना सांग, मिठाचा चहा तिथेही मिळतो, उगाच तोंड पाडून बसू नका. अम्मी नको म्हणाली खरी. तिचं नको कसं असतं ते तुला ठाऊक आहे. चौदा तारखेला जाऊन खोली ठरवून येतो.

तुझा,
मुझफ्फर

बारामुल्ला
८ मे १९७८

चि. मुझफ्फरला अनेक दुवा.

बेत छान आहे, पण तू आखलास म्हणून धास्ती वाटते. मानसबलच्या सहलीला तू सगळं आणलंस आणि काड्यापेटी घरी विसरलास, ते माझी मुलं अजून सांगत हसतात. खोली अगदी नदीला लागून घेऊ नकोस, धाकटीला पाणी दिसलं की ती कुणाचं ऐकत नाही. रजया आपल्याच नेऊ.

आणि एक काम कर. अब्बा गेल्याचं तिथल्या बाजारात कुणाला ठाऊक नसेल. जानेवारीच्या बर्फात आपण कुणाला कळवणार होतो? श्रीनगरचे बाकीचे दुकानदार जूनशिवाय वर जात नाहीत. शेजारपाजारच्यांना सांगून ये. इतकी वर्षं त्यांच्यात काढली त्यांनी.

अम्मीला सलाम. फेरन घालून जा, वर अजून गारठा असेल.

तुझी,
मेहमूदाबाजी

रैनावारी
१५ मे १९७८

मेहमूदाबाजीस,

हे पत्र एकटी असताना वाच. मेहुण्यांच्या हाती देऊ नकोस.

काल पहलगामला उतरलो. रोटीवाल्याच्या दुकानात अब्बांचं नाव काढलं, तर तो उठून उभाच राहिला. रसूलसाहेबांचा श्रीनगरचा मुलगा ना तू, असं म्हणून त्याने माझं बखोट धरलं. खोली कशाला हवी, घर असताना, असं म्हणत मला पुलापलीकडे घेऊन गेला. मी म्हणतोय कुणाचं घर, कुणाचं घर, आणि तो हसतोय.

बाजी, ते अब्बांचं घर आहे. दारात चाळिशीची एक बाई होती, साजा तिचं नाव. तिने मला पाहिलं आणि नावाने हाक मारली. निखाऱ्यांची कांगडी सांडून माझी हनुवटी भाजली होती, तो डाग बघून ओळखलं म्हणाली. तुझ्या दोन्ही बाळंतपणांचं तिला माहीत आहे. मागून सतरा वर्षांची एक मुलगी आली, दिलशादा. तुझंच कपाळ, तुझ्याच भुवया. साजाचा अब्बांशी निकाह होऊन एकोणीस वर्षं झाली म्हणे. बावीस उन्हाळ्यांचे दगड आणि पाणी हे असं होतं.

अजून वाईट पुढेच आहे. तिने कहवा ओतला आणि विचारलं, ते या वर्षी अजून कसे आले नाहीत? बर्फ वितळलं की येतात. त्यांची गादी उन्हात घालून ठेवली होती.

माझ्या तोंडून निघालं, तब्येत जरा बरी नाही. मग कपाला हात न लावता उठलो आणि बस गाठली. काय करू? अम्मीसमोर जाववत नाही. दिवसभर कामाचं निमित्त सांगून बाहेरच फिरतोय.

मुझफ्फर

बारामुल्ला
१८ मे १९७८

मुझफ्फर,

तुझं पत्र चारदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना हातातला कप फुटला. तुझ्या मेहुण्यांना सांगितलं, हातातून निसटला.

अब्बांबद्दल मला आज एक अक्षर लिहायचं नाही. लिहिलं तर उद्या तोंड दाखवायला लाज वाटेल असं काहीतरी लिहीन. माझ्या लग्नात माझ्या डोक्यावर हात ठेवून रडणारा माणूस त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या मुलीला अंगाखांद्यावर खेळवत होता!

पण तू काय केलंस? तब्येत बरी नाही? ती बाई चार महिन्यांपूर्वी पुरलेल्या माणसाची गादी उन्हात घालतेय आणि तू पळून आलास? मला तिचा राग येतोय, खूप येतोय, तरी तिच्या जागी स्वतःला ठेवलं की तुझाच राग येतो. परत जा. सरळ सांग आणि ये.

सहल रद्द. अम्मीला यातलं काहीही कळता कामा नये. तिला हे झेपणार नाही.

मेहमूदा

रैनावारी
२८ मे १९७८

मेहमूदाबाजीस सलाम.

अम्मीला सगळं ठाऊक होतं.

मी पुन्हा पहलगामला निघालो, तर ती फेरन घालून, बुरखा हातात घेऊन दारात उभी. म्हणाली, साजाकडेच चालला आहेस ना? मग सगळं सांगितलं, बाजी. तू दहावीत असताना शिंप्याने चुकून एक एवढंसं फेरन आपल्या घरी आणून दिलं होतं म्हणे, दोन वर्षांच्या मुलीच्या मापाचं. आपल्याकडे तेवढं कुणीच नव्हतं. शिंप्याकडून साजाचं नाव काढून घेऊन अम्मीने ते घडी घालून अब्बांच्या पेटीत ठेवलं. त्यांनी काही विचारलं नाही, हिने काही सांगितलं नाही. मी विचारलं, इतकी वर्षं गप्प का राहिलीस? तर म्हणाली, बोलले असते तर त्यांना एक घर निवडावं लागलं असतं. ते कुठलं निवडतील, हे मला कळून घ्यायचं नव्हतं.

तिची समजूत होती की बाजारातल्या कुणीतरी साजाला कळवलं असेल. अजून कळलेलं नाही हे ऐकल्यावर मात्र ती हादरली. तशीच माझ्याआधी उंबरा ओलांडून बाहेर पडली.

साजाने दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आत अम्मीने तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, आपला माणूस गेला. आपला म्हणाली, बाजी. साजा आधी हसली, तिला कळलंच नाही. मग जी कोसळली! दिलशादा माझ्याकडे बघून एकच विचारत राहिली, तुम्ही त्या दिवशी खोटं का बोललात?

तिथल्या मौलवींनी सांगितलं, इद्दत मृत्यूच्या दिवसापासून मोजतात, म्हणजे साजाचीही संपली. अम्मी त्यांच्यावर कडाडली. म्हणाली, माझे दिवस माणसांच्या गराड्यात गेले, हिला रडायला एक दिवसही मिळाला नाही. नियम तुमच्याकडे ठेवा, मी हिच्याजवळ बसते. ती तिथेच राहिली आहे. मी एकटा परतलो.

दिलशादाला तुझा पत्ता दिला आहे. रागावू नकोस.

तुझा,
मुझफ्फर

बारामुल्ला
३ जून १९७८

दिलशादा हिस,

तुझं चार ओळींचं पत्र आलं. मला बाजी म्हणावं की नाही, असं तू विचारलं आहेस. उत्तर लिहिताना मी पाच कागद फाडले.

अब्बांना मी माफ केलेलं नाही. कधी करीन, सांगता येत नाही. त्यात तुझा दोष नाही, हे मला कळतं. अजून मनाला वळत नाही, एवढंच. तुझ्या आईला माझा सलाम सांग. माझी अम्मी संधिवाताची आहे, तिला नदीच्या गार पाण्यात हात घालू देऊ नकोस. ती ऐकणार नाही, तू ओरड.

येत्या शनिवारी सकाळच्या बसने आम्ही सगळे येतो आहोत. घर मला ठाऊक नाही. बसथांब्यावर ये. मुझफ्फर म्हणतो, मी तुला लगेच ओळखीन.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आपल्यात तो अजून सुरूच व्हायचा आहे. होऊ दे.

तुझी,
मेहमूदाबाजी