नळी काऊन उघडली, भाऊ?

प्रिय भाऊ,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला, पण गेलेल्या माणसाला तसंच लिहितात म्हणे. आज वरोऱ्यात तुमची शोकसभा झाली. तिथून आल्यापासून गप्प बसवत नाही.

काय काय ऐकलं! थोर शास्त्रज्ञ, मातीशी इमान राखणारा माणूस! अहो, तुम्हाला स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या मूठभर चिखलाशी इमान राखता आलं नाही.

समुद्राच्या तळाचा चिखल तो. त्यात गॅस बर्फासारखा गोठलेला, दाब सुटला की विरून जाणारा. म्हणून जाड नळीत दाबाखाली ठेवायचा आणि नळी न उघडता, बाहेरूनच एक्स-रेनं आतली चित्रं काढायची. बर्फ भेगांत बसलाय की कणाकणांत, एवढंच मला बघायचं होतं. धानोऱ्याहून तुम्हीच मला या कामावर आणलं होतं ना?

मग तुमच्या गावचे चार लोक तुमचा सत्कार करायला आले आणि पाहुण्यांसमोर तुम्ही नळीलाच हात घातलात.

“भाऊ, अर्धेच फोटो झाले. नका उघडू ना जी!”

“तुले काय समजते? वरोऱ्यावरून आले लोकं. त्याईले काय चिखल दाखवू?”

तुम्ही काडी लावलीत, गॅसचा बर्फ पेटला, टाळ्या पडल्या. वरिष्ठांना मात्र तुम्ही कळवलंत की झडप मी कच्ची बसवली, म्हणून दाब सुटला. माझं काम गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे फाशी देणाराच चोर! किती भित्रट माणूस होतात तुम्ही. पाहुणे आपापल्या घरी गेलेले, माझं कोण ऐकणार?

पण आज गंमत झाली. त्या चौघांतले नामदेवभाऊ माइकवर रडत म्हणाले, “भाऊनं आमच्यासाठी नळी खोलली! ते पोरगी नाई-नाई म्हणत होती, तरी खोलली. बर्फ जळताना मी माह्या डोळ्यानं पाह्यला!”

पहिल्या रांगेत आपल्या संस्थेचे संचालक बसले होते. त्यांनी मान वळवून मला शोधलं.

तुम्ही गेलात याचं वाईट वाटलं का? थोडं वाटलं, आणि त्याचाही राग आला.

एक वचन देते. अर्धी चित्रं मी छापणार, आणि उरलेली का नाहीत तेही तुमच्या नावासकट लिहिणार. नव्यानं चौकशीही मागणार आहे; तिथे बोलायला नामदेवभाऊंना विचारलं, तर लगेच तयार झाले. म्हणाले, “भाऊचं नाव होत असन तं कुठीबी येतो.”

तुमची ‘निष्काळजी’ पोरगी,
सुनंदा